सहा नांगर, दोन वर्षं : किर्लोस्करवाडीचा जमाखर्च



"मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य आपल्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी टाकतंच. गणपतीच्या वर्गणीची बैठक असो नाहीतर कुणाच्या घरचं पोह्यांचं निमित्त असो. मग ठरल्याप्रमाणे समोरून "किर्लोस्कर!" असं उत्तर येतं, सगळे माना डोलावतात आणि विषय चहावर जातो. म्हणजे किर्लोस्कर हे नाव आपण वाद मिटवायला वापरतो. पण पैसा कुणी घातला, पहिलं गिऱ्हाईक का येईना, बेळगाव का सोडावं लागलं, हे विचारलं तर आपल्यापैकी बऱ्याच जणांची गाडी "शाळेत धडा होता बहुतेक" इथेच थांबते.

म्हणून हा थोडा लांबलेला लेख. किर्लोस्करांचं कौतुक बरंच लिहून झालंय, त्यामुळे मी त्यात भर घालत नाही. मला धंद्याची बाजू बघायची आहे. लोखंडी नांगर चांगला आहे हे दिसत असूनही शेतकरी तो घेत नव्हता, आणि नंतर तोच शेतकरी घ्यायला लागला. मधे काय बदललं?

आधी थोडी अमेरिका

सुरुवात अमेरिकेपासून करतो, कारण हाच पेच तिथे शंभर वर्षं आधी पडून गेला होता.

१७९७ साली न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने बिडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. (बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपला बीड जिल्हा नव्हे :-) ) अख्खा नांगर एकाच ओतकामात. लाकडी नांगरापेक्षा कितीतरी मजबूत. पण शेतकरी घेईनात. कारण काय, तर लोखंडाने जमिनीला विष चढतं आणि तण माजतं! न्यूबोल्डने त्यात बराच पैसा घालवला आणि शेवटी नाद सोडला.

आता ही कथा नेहमी "अडाणी शेतकरी आणि द्रष्टा संशोधक" अशा थाटात सांगतात. पण शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. नांगर एकसंध आहे. दगडाला अडकून टोक मोडलं की अख्खा नांगर भंगारात. लाकडी नांगर मोडला तर घरीच दुरुस्त करता येतो, नाहीतर शेजारचा सुतार आहेच. मग "विष चढतं" हे बोलायचं कारण असेल, पण मनातली धास्ती खर्चाची असणार असं मला वाटतं. माझ्या या अंदाजाला आधार पुढच्या घटनेचा. १८१९ मध्ये जेथ्रो वूड नावाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या शेतकऱ्याने जे पेटंट घेतलं त्यात नांगराचे भाग सुटे होते. जो झिजेल किंवा मोडेल तेवढाच बदलायचा. हा नांगर चालला. इतका चालला की लोकांनी सर्रास नकला केल्या, आणि बिचाऱ्या वूडची पुंजी पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. पण शेतात बिडाचा नांगर आला तो आलाच. विषाची चर्चाही हळूहळू मागे पडली.

पुढचं नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं, जॉन डिअर. व्हरमाँटमधून इलिनॉयला आलेला हा लोहार. तिथली काळी चिकट माती बिडाच्या नांगराला गच्च चिकटायची, दर थोड्या अंतरावर थांबून खरवडावी लागायची. १८३७ मध्ये त्याने मोडक्या करवतीच्या गुळगुळीत पोलादी पात्यापासून नांगर केला, माती त्यावरून सरकून पडायला लागली. कंपनीच्या इतिहासात आकडे आहेत: १८४१ साली ७५ नांगर, १८४२ साली १००, आणि मोलिन गावी मिसिसिपी नदीकाठी कारखाना हलवल्यानंतर १८४९ साली २,१३६. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या नांगर-कंपनीलाही हजाराच्या पुढे जायला दहा-बारा वर्षं लागली.

तिसरं नाव जेम्स ऑलिव्हर, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावचा. त्याच्या कारखान्याचं नाव आधी साउथ बेंड आयर्न वर्क्स असं होतं, पुढे ऑलिव्हर चिल्ड प्लाउ वर्क्स झालं. या "चिल्ड"चा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात सावकाश थंड होतं. पण साच्याच्या एका बाजूला धातूचा तुकडा बसवला तर तिथली उष्णता झटकन ओढली जाते आणि तेवढाच पृष्ठभाग काचेसारखा कडक बनतो. आतलं अंग मात्र तेवढं ठिसूळ होत नाही. म्हणजे मातीत घासणारी बाजू टिकाऊ आणि धक्का सोसणारी बाजू वेगळी. ऑलिव्हरने यावर १८५७ मध्ये पेटंट घेतलं.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं कारण बेळगावात बसलेला एक माणूस अमेरिकन तांत्रिक मासिकं आणि कॅटलॉग मन लावून वाचत होता.

बेळगावचं दुकान

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. (अवांतर: संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. त्यामुळे नाटक कंपनी आणि नांगर कंपनी एकच समजण्याचा घोळ बरेच लोक करतात.)

लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगवायचं स्वप्न संपलं, पण यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत, तेव्हा त्यांनी ते शिकून घेतलं आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आपली व्हीजेटीआय) शिकवायला लागले. आपल्यात तिथले बरेच आहेत, त्यांनी कॉलर ताठ करून घ्यायला हरकत नाही. पण पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियनाला दिली गेली, आणि यांनी १८९७ मध्ये नोकरी सोडली.

बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर सायकलचं दुकान होतं. किर्लोस्कर ब्रदर्स आपलं स्थापनावर्ष १८८८ सांगते ते या दुकानापासून. लक्षात घ्या, म्हणजे हातात नोकरी असताना बाजूला धंदा चालू होता. आजच्या भाषेत साइड बिझनेस. एकदम उडी मारलेली नाही.

सायकली विकणं, दुरुस्त करणं, मग छोटं वर्कशॉप, त्यात कडबा कापायचं यंत्र. तेही साधं प्रॉडक्ट, पण गरज रोजची. आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर का खपेना

पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. जरा विचार करा. लोखंड रोखीने आणायचं, कोक रोखीने आणायचा, कामगाराला महिन्याच्या महिन्याला पगार द्यायचा, आणि तयार माल दुकानात दोन वर्षं पडून. इन्व्हेंटरी अडकणं म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही एमबीएपेक्षा जास्त कळलं असणार.

आणि गंमत म्हणजे आक्षेप कुठला? लोखंडाने जमिनीला विष चढतं! न्यू जर्सीत जो आक्षेप होता तोच शंभर वर्षांनी बेळगावात. दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, भाषा वेगळी, पीक वेगळं, तरी वाक्य तेच. म्हणून मला हे नुसतं अंधश्रद्धेचं प्रकरण वाटत नाही.

आपल्याकडच्या लाकडी नांगराचा हिशोब बघा. लाकूड बांधावरच्या बाभळीचं. घडवणार गावचा सुतार, त्याला लोखंडी फाळ करून देणार लोहार. दोघेही बलुतेदार. सुगीला ठरलेलं धान्य द्यायचं आणि वर्षभर नांगर, कुळव, गाडी जे मोडेल ते त्यांनी नीट करून द्यायचं. याला आपण आयटीवाले एएमसी म्हणतो. वार्षिक देखभालीचा करार, तोही धान्यात. रोख रुपया त्यात जवळजवळ लागतच नाही.

आता लोखंडी नांगर आला. तो रोखीने घ्यायचा. रोख नाही म्हणजे सावकाराकडे जायचं. मोडला तर गावच्या लोहाराला बीड जोडता येत नाही, कारण बीड तापवून ठोकलं की तुटतं. म्हणजे सुटा भाग बेळगावहून आणायचा. आणि गावच्या सुताराला बलुतं तर द्यावंच लागणार, कारण बाकीची औजारं त्याच्याकडेच आहेत. थोडक्यात, जुन्या व्हेंडरचा करार चालूच ठेवायचा आणि वर नव्या व्हेंडरच्या तावडीत सापडायचं. कुठलाही शहाणा माणूस "बघू पुढच्या वर्षी" असंच म्हणेल. तो शेतकरी विष म्हणाला, एवढाच फरक.

पण लोखंडी नांगराचा फायदा खरा होता. लाकडी नांगर माती उकरतो, उलथत नाही. लोखंडी नांगराचं वळवलेलं पान मातीचा थर उचलून पालथा घालतं. आपल्या काळ्या रानात हरळी माजली की खोलवर मुळं धरते. उन्हाळ्यात ती मुळं वर आणून उन्हात वाळवणं हाच त्यावर उपाय, आणि ते काम या नांगराला छान जमायचं. हे कागदावर पटवून देता येत नाही. शेजारच्या रानात फरक डोळ्यांनी दिसावा लागतो. आणि एक हंगाम जायला एक वर्ष लागतं. सॉफ्टवेअरसारखा उद्या सकाळी डेमो देता येत नाही. मला वाटतं सहा नांगर आणि दोन वर्षं यांचं साधं स्पष्टीकरण हेच आहे: पहिल्या गिऱ्हाइकांची रानं लोकांनी बघितली, मोडलं तर बेळगावात माणूस भेटतो हे बघितलं, आणि मग बाकीचे आले. फाळ हा झिजणाराच भाग, तो दर काही दिवसांनी बदलावा लागणारच. म्हणजे एकदा नांगर विकून संबंध तुटत नाही, तिथून सुरू होतो.

"जागा खाली करा"

धंदा जरा रुळावर येतोय तोवर १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेला गावाची वाढ करायची होती, आणि किर्लोस्करांचं वर्कशॉप त्या जागेत येत होतं. जागा सोडायची नोटीस आली. भट्टी, शेड, यंत्रं, सगळं उचलून जायचं. फाउंड्री हलवणं म्हणजे लॅपटॉप बॅगेत घालून दुसऱ्या टॉवरमध्ये जाणं नव्हे.

इथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंध हे सातारा भागातलं छोटंसं संस्थान, तेही सलग नाही, ठिकठिकाणी विखुरलेले तुकडे. लक्ष्मणरावांना ते ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ओसाड जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिवस धरतात.

जमीन ३२ एकर. निवडुंग, दगडधोंडे आणि साप. माणसं म्हणजे पंचवीस एक कामगार आणि त्यांची कुटुंबं. पण एक गोष्ट सोन्यासारखी होती: रेल्वे. लोखंड आणि कोक दोन्ही लांबून येणार आणि तयार नांगर लांब जाणार, तेव्हा स्टेशनाला लागून जागा असणं म्हणजे अर्धं काम झालं. पुढे त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं. आज ते सांगली जिल्ह्यात येतं.

दुबईत राहणाऱ्या आपल्याला हा प्रकार फारच ओळखीचा वाटायला हवा. राजा जमीन देतो, आपल्या हद्दीत कारखाना काढायला बोलावतो, सुरुवातीला हात देतो. जेबल अली फ्री झोन १९८५ मध्ये सुरू झाला, औंधच्या राजाने ते पाऊण शतक आधी बत्तीस एकरांत केलं :-) आणि त्याहीपेक्षा जवळचं उदाहरण देतो. अल मनखूलहून खाडीकडे गेलं की अल फहिदीची जुनी वस्ती लागते, वाऱ्याच्या मनोऱ्यांची घरं आहेत ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पलीकडच्या किनाऱ्यावर, इराणच्या लिंगेह बंदरात, जकात वाढली. इकडे दुबईच्या शेखांनी जकात माफ करून व्यापाऱ्यांना जागा दिली. तिकडचे व्यापारी खाडीकाठी येऊन राहिले ते असे. काळ तोच, गणितही तेच: एका राजवटीने हुसकावलं की दुसरी बोलावते, आणि बोलावणारीचा फायदा होतो.

आणि बेळगावचं काय? तेच बेळगाव पुढे फाउंड्रींचं गाव म्हणून नावारूपाला आलं. नगरपालिकेच्या त्या नोटिशीची आठवण तिथल्या किती जणांना असेल कुणास ठाऊक. असो.

माणसं

या भागाबद्दल फार लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. रामूअण्णांनी वसाहत उभी करायचं बघितलं. शंभोअण्णा जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही मंडळी जवळजवळ शून्यापासून बरोबर होती. फळणीकर तर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राची कल्पक बुद्धी अशी की त्यांनी इंजिनिअरचं काम केलं. रखवालीसाठी लक्ष्मणरावांनी नेमले ते पूर्वी दरोडेखोरीत शिक्षा भोगलेले लोक, त्यातले तुकाराम रामोशी हे नाव प्रसिद्ध आहे. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हाही त्यांचा कटाक्ष होता.

आपण याला आदर्शवाद म्हणतो, आणि तो होताही. पण ओसाड माळावर, शहरापासून लांब, पगार बेताचा, तिथे शिकलेला तयार माणूस येणारच नव्हता. मिळेल त्या माणसाला तयार करणं याशिवाय इलाज नव्हता. चांगुलपणा आणि गरज इथे एकाच दिशेला होत्या, म्हणून ते टिकलं.

आणखी एक गोष्ट. ओतकामाला आधी लाकडाचा नमुना लागतो. फाळ ओतायचा तर आधी हुबेहूब लाकडी फाळ, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, मग त्यात रस ओतायचा. हे लाकडी नमुने करणं सुतारकामच. म्हणजे ज्या सुताराचं गावातलं काम लोखंडी नांगराने कमी होणार, त्याच्याच हातातली कला फाउंड्रीला हवी होती. ज्याला कारखान्याची वाट सापडली तो तरला. पण गावोगावच्या सगळ्या सुतार-लोहारांना ती सापडली नाही, हेही लिहून ठेवायला पाहिजे. लोखंडी नांगराने शेतकऱ्याचं रान सुधारलं आणि बलुत्याच्या जुन्या व्यवस्थेला एक टेकू कमी झाला. दोन्ही खरं.

लढाईची वर्षं

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. परदेशी नांगरांची आवक आटली, म्हणजे बाजार मोकळा. पण त्याच वेळी लोखंड, कोळसा, रंग, सगळ्याचाच तुटवडा. मागणी आहे आणि कच्चा माल नाही, हे धंद्यातलं सगळ्यात चिडचिड करणारं दुखणं. किर्लोस्करांनी जमेल तिथे पर्याय शोधले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही हकिकत आपल्यापैकी कोल्हापूरकरांनी घरी ऐकली असेलच.

तोफेची गोष्ट ऐकायला सुरेख आहे, पण जमाखर्चाच्या वहीत तिचा अर्थ असा: दुसऱ्यांदा एका संस्थानिकाने वेळेवर हात दिला. ब्रिटिश सरकारच्या हिशोबात किर्लोस्करवाडीच्या नांगराला जागा नव्हती. संस्थानिकांच्या हिशोबात होती, कारण त्यांचा महसूल शेतीवर होता. बिडाच्या कारखान्याला भांडवल पुरवतील अशा मोठ्या बँका तेव्हा या भागात नव्हत्या. टाटांनी १९०७ मध्ये पोलाद कंपनी काढताना भांडवल लोकांकडून शेअर विकून उभं केलं, पण ते टाटा होते, मुंबईत होते. सायकल दुकानदाराला ते दार उघडं नव्हतं. त्याला ओळख आणि विश्वास यांवरच पैसा मिळणार होता.

लिमिटेड कंपनी आणि खबर

युद्धानंतर, जानेवारी १९२० मध्ये, किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. म्हणजे दोन भावांची पेढी शेअरहोल्डरांची कंपनी बनली. त्याच वर्षी "किर्लोस्कर खबर" नावाचं पत्र निघालं. संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, स्वतः चित्रकार. कारखान्याच्या, मालाच्या बातम्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला सुरू झालेलं हे पत्र १९२९ मध्ये "किर्लोस्कर" मासिक झालं, १९३० मध्ये "स्त्री" आणि १९३४ मध्ये "मनोहर" निघालं. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीला नवे विचार पोचवणारी ही मासिकं मुळात नांगराच्या कारखान्यातून निघाली हे विसरायला होतं. पण वर म्हटलं तसं, नांगर विकल्यावर गिऱ्हाइकाशी संबंध सुरू होतो, आणि संबंध ठेवायचा तर बोलत राहावं लागतं. त्यातून पुढे काय उगवलं ते बघा.

मालाची यादीही वाढत गेली: उसाचा चरक, शेंगा फोडायचं यंत्र, पंप. सगळं एकाच गिऱ्हाइकासाठी. ज्याने नांगर घेतला त्याचंच रान, त्याचाच ऊस, त्याचीच विहीर.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव (जन्म १९०३) अमेरिकेत एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले, १९२६ मध्ये पदवी घेऊन परत कुंडलच्या माळावर आले. बाप अमेरिकन मासिकं वाचून शिकला, मुलगा अमेरिकेत जाऊन शिकला. पुढे १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर, लेथ बनवायला, पुन्हा एका संस्थानाच्या हद्दीत. १९४६ मध्ये बंगलोरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. बिडाच्या नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत चाळीस-पंचेचाळीस वर्षं.

सगळं सुरळीत मात्र नव्हतं. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. तो पुन्हा उभा केला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. सगळ्या कंपन्या टिकल्या असंही नाही, मैसूर किर्लोस्कर पुढे बंद पडली. आणि अलीकडे कुटुंबातले वाद, २००९ च्या कौटुंबिक करारावरून, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले हे आपण पेपरात वाचलेलंच आहे. धंदा म्हटला की हेही आलं.

मग धंदा जमतो की नाही?

मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. किर्लोस्करांच्या गोष्टीत मराठीपणाचा भाग शोधायला गेलं तर फारसं हाताला लागत नाही. न्यूबोल्ड, वूड, डिअर यांच्यात आणि लक्ष्मणरावांत साम्य जास्त आहे. सापडतात त्या तीन-चार रोकड्या गोष्टी. एक, नोकरीत असताना सुरू केलेला जोडधंदा, ज्यामुळे नोकरी सुटली तेव्हा उभं राहायला जागा होती. दोन, दोन वर्षं माल पडून राहिला तरी तग धरण्याइतकी आवक, ती सायकल आणि कडब्याच्या यंत्रातून. तीन, ज्याच्याकडे जमीन आणि पैसा होता त्याचा विश्वास. आणि चार, नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाला वेडा न समजणं.

यातली तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांत कमी बोलली जाते. औंधच्या राजाचे दहा हजार आणि ३२ एकर वजा करा, आणि बघा काय उरतं: चांगला नांगर, हुशार माणसं आणि नगरपालिकेची नोटीस. अशी किती वर्कशॉपं त्या काळात बंद पडली असतील, ज्यांच्यावर धडा आला नाही. तेव्हा आपल्यातलं कुणी परत जाऊन पुण्यात, नाशकात, सांगलीत काही सुरू करतो म्हटलं, तर "मराठी माणसाला..." हे वाक्य टाकण्याऐवजी त्याला दोन प्रश्न विचारावेत. दोन वर्षं माल खपला नाही तर घर कशावर चालेल? आणि तुझा औंधचा राजा कोण? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकीच चार-पाच जण मिळून देऊ शकतात. इथे पगार बरा मिळतो, आणि आपला बराचसा पैसा फ्लॅटच्या बुकिंगमधे पडून असतो. दहा हजारांचं कर्ज देणारा राजा व्हायला संस्थान लागत नाही.

कुणाच्या गावी जुना किर्लोस्कर नांगर, चरक किंवा पंप अजून असेल, आजोबांनी तो का घेतला किंवा का घेतला नाही याची हकिकत ठाऊक असेल, तर जरूर लिहा. विशेषतः "का घेतला नाही"ची. ती कुठे छापून येत नाही.

चू. भू. द्या. घ्या.

अल मनखूल, दुबई

ता. क.: किर्लोस्करवाडी स्टेशन पुणे-मिरज मार्गावर आहे. सुट्टीत कोल्हापूरला रेल्वेने जाणार असाल तर वाटेत खिडकीतून बघा. निवडुंगाच्या माळावर पंचवीस कुटुंबं उतरली होती ती इथेच.